दोन्ही टोकांना दक्षिण

रत्नागिरीच्या हायस्कुलात मी जन्मभर पदार्थविज्ञान शिकवलं. ते शिकवताना माझ्या हातून जेवढे दाभण मोडले, तेवढे गावातल्या सगळ्या गोधड्या शिवताना मोडले नसतील. दाभण चुंबकावर घासायचा, दोऱ्याने टांगायचा, तो उत्तर-दक्षिण उभा राहिला की सगळ्यांना दाखवायचा आणि मग पकडीत धरून कटकन मोडायचा. "आता बोला, उत्तर एका तुकड्यात गेली आणि दक्षिण दुसऱ्यात, बरोबर?" अर्धा वर्ग जोरात हो म्हणायचा. मग मी तुकडे टांगायचो. प्रत्येक तुकड्याला आपापली उत्तर आणि आपापली दक्षिण. पोरांची तोंडं पाहण्यासारखी होत, आणि ती पाहण्यासाठीच मी हा प्रयोग दरवर्षी लांबवत असे.

चुंबकवाला मास्तर म्हणून माझं नाव झालं, तशी गिऱ्हाइकंही येऊ लागली. एक आजोबा गुडघ्याला बांधायला चुंबक मागत आले. एका खोतांच्या घरची नथ विहिरीत पडली होती, ती वर काढून द्या म्हणून निरोप आला. सोनं चुंबकाला धरत नाही असं सांगितल्यावर ते स्वतः येऊन म्हणाले, "मग शाळा तुम्हाला पगार कसला देते?" या प्रश्नाचं उत्तर मला पुढे एका पावसाळ्यात मिळालं. तीच हकीकत सांगतो, बाकी नोकरीत सांगण्यासारखं फार नाही.

आधी थोडं शास्त्र सांगितलं पाहिजे, भिऊ नका. चुंबक कितीही बारीक करत गेलात तरी त्याचं एकटं टोक हाती लागत नाही. शेवटी अणू उरतो आणि लोखंडाचा अणू हाही दोन टोकांचाच चुंबक. कारण चुंबकपण हे त्यात भरून ठेवलेलं सामान नव्हे, ते आतल्या इलेक्ट्रॉनांच्या फिरण्यातून येतं. भोवरा कापून अर्धा केला तर लाकडाचे दोन तुकडे मिळतील, त्याचं फिरणं काही अर्धं-अर्धं वाटून घेता येणार नाही. हे मी पोरांना ठासून सांगत असे, आणि चुंबकाचा एकटा ध्रुव जगात नाही, असं शेवटी फळ्यावर लिहून खाली रेघ मारत असे.

ती रेघ पुसली वासूने. वासू माझा वर्गबंधू, मुंबईला कॉलेजात शिकवायचा आणि मे महिन्यात आंबे खायला घरी यायचा. एकतीस-बत्तीसच्या सुमाराची गोष्ट. आम्ही ओटीवर रायवळ आंब्यांची पाटी मध्ये घेऊन बसलो होतो. वासू म्हणाला, "तुझ्या त्या फळ्यावरच्या सिद्धांताचं कठीण आहे बाबा. केंब्रिजच्या एका तरुण गणित्याने मांडलंय की एकटा ध्रुव असायला काहीच हरकत नाही."

माझ्या हातातला आंबा तसाच राहिला. "कुणी पाहिलाय?"

"पाहिलेला नाही. पण असू नये असं गणित म्हणत नाही. आणि गंमत पुढेच आहे. तसा एक जरी ध्रुव विश्वात कुठे असला, तरी सगळ्या विश्वातली वीज ठरावीक मापाच्या पटीतच असली पाहिजे. एक माप, दोन मापं, तीन. दीड माप नाही."

"त्याचा आणि ध्रुवाचा काय संबंध?"

"इलेक्ट्रॉन हा कण आहे आणि लाटही आहे."

"दोन्ही एकदम?"

"दोन्ही एकदम. यावर आता वाद घालू नकोस, आम्हीही सोडून दिलाय. ही लाट त्या ध्रुवाभोवती फेरी मारून आली की जिथून निघाली तिथे तिला स्वतःशी नीट जुळावं लागतं. मधे उरलासुरला तुकडा चालत नाही. म्हणून वीज पूर्ण मापातच."

मी चिडलो. मला न समजलेल्या गोष्टीवर मी नेहमीच चिडतो. तेव्हा वासूने आणखी एक सांगितलं. जर्मनीत कुणी चांदीच्या वाफेची बारीक धार चुंबकाच्या दोन ध्रुवांमधून सोडली होती. अणू कसेही कलंडलेले असणार, म्हणजे समोरच्या काचेवर पसरट डाग पडायला हवा. पडल्या दोन वेगळ्या रेषा. अणूचा चुंबक इकडे तरी कलतो नाहीतर तिकडे तरी, अधलंमधलं त्याला जमत नाही. "निसर्ग तळाशी गेल्यावर असा हट्टी आहे," वासू म्हणाला आणि बाठा चोखू लागला. मी मात्र त्या दिवसापासून एकट्या ध्रुवाच्या नादी लागलो. घरातलं, शेजारचं, लोहाराकडचं जे जे म्हणून चुंबक होईल ते तपासायचा सपाटाच लावला मी.

मग पावसाळा आला, आगबोटी बंद झाल्या, आणि श्रावणात एका सकाळी मिऱ्याचा धोंडू तांडेल दारात उभा राहिला. डोक्यावर इरलं, आणि इरल्याखाली मेणकापडात गुंडाळलेली पेटी छातीशी धरलेली. तांडेल म्हणजे गलबताचा मुख्य. माल मालकाचा, म्हणजे नाखव्याचा, पण समुद्रावर दिशा तांडेलाची. धोंडू हा गंगाराम नाखव्याच्या गलबतावर तांडेल होता आणि मे अखेरीला मुंबईहून परत येताना त्याने गलबत हेदवीच्या खडकाला लावलं होतं. माणसं वाचली. फाटलेलं गलबत त्याने जयगडच्या खाडीत आणून चढवलं, तिथे ठाकठीक करून मिऱ्याला आणलं. पण गावभर एकच बोभाटा झाला, की तांडेल माडी पिऊन सुकाणूवर होता.

"मास्तर, मी त्या दिवशी थेंब घेतलेला नाय," ओटीवर टेकायच्या आधीच तो म्हणाला. "झडीत गलबताच्या पुढच्या टोकाची नाळ दिसत नव्हती. होका सांगत होता दक्षिण, मी दक्षिण धरलेली. डाव्या अंगाला लाट फुटताना ऐकू आली तेव्हा सगळा हातातून गेलेला."

"मग होकायंत्र बिघडलं असेल."

"मी तसाच बोललो. नाखवा बोलला, हो काय? चल. पंचांसमोर ठेवलान पेटी, उत्तरेकडे फिरवलान सुई, तर जाग्यावर थांबली. मग बोलला, ने मास्तरांकडे, त्यांनी खोटा म्हटला तर मी तुज्या पाया पडेन. नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी गाव बसणार हाय."

त्या बैठकीत काय ठरणार हे मलाही ठाऊक होतं. नारळी पौर्णिमेला किनाऱ्यावर प्रत्येक नाखवा आपल्या तांडेलाच्या हातात विडा देतो, तो वर्षभराचा करार. नशेत सुकाणू धरलं असा ज्याच्यावर शिक्का बसला, त्याला पुढे कुणीही विडा देत नाही. दुसऱ्याच्या हुकमाखाली दोर ओढत, खलाशी म्हणून, त्याला जन्म काढावा लागतो. धोंडूचा बाप तांडेल, आजा तांडेल. "माज्या पोरींना आता पाण्यावर बाया काय काय बोलतत," एवढंच तो म्हणाला. मला या माणसाचा एकदम कळवळा आला.

मी सुई पेटीतून काढली आणि माझ्या चुंबकाचं दक्षिण टोक तिच्या एका टोकाजवळ नेलं. सुई दूर सरली. म्हणजे हे तिचं दक्षिण टोक. इथे वाचकांना एक सांगून ठेवतो. चुंबकाने ओढून घेतलं तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही, साधा खिळाही ओढला जातो. पण दूर ढकललं तर समजावं की समोर तसलाच ध्रुव आहे. आता दुसरं टोक जवळ येणार म्हणून मी चुंबक तिकडे नेला. सुई तिकडूनही दूर सरली.

दोन्ही टोकांना दक्षिण!

मी पुन्हा केलं. पुन्हा तेच. मग उत्तर कुठे गेली? केंब्रिज, जर्मनी, मुंबई, सगळ्यांना चुकवून तो एकटा ध्रुव मिऱ्याच्या गलबतावर येऊन बसला होता की काय! मी मनातल्या मनात वासूला तार केली, ती तार वाचताना त्याचा चेहरा पाहिला, आणि पुढच्या आवृत्तीतल्या पाठ्यपुस्तकात रत्नागिरीचं नाव कुठल्या पानावर येईल तेही ठरवून टाकलं.

"अहो, ऐकलंत का, परात द्या," मी आत ओरडलो.

"परात मिळायची नाही, पातोळ्यांचं पीठ आहे तीत," सौभाग्यवतींचा आवाज आला.

"पीठ काढा. जगाचा प्रश्न आहे."

जगाच्या नावाखाली मी घरातल्या बऱ्याच वस्तू आजवर पळवल्या होत्या, तेव्हा त्यांनी न बोलता पितळी परात ओटीवर आणून आदळली. मी तिच्यात पाणी घेतलं, औषधाच्या बाटलीच्या बुचावर सुई आडवी ठेवली आणि मधोमध सोडली. परीक्षा सोपी होती. नेहमीच्या चुंबकाला पृथ्वी दोन्ही टोकांनी उलटसुलट सारखीच ओढते, म्हणून तो जागच्या जागी फिरतो, चालत कुठे जात नाही. पण एकटाच दक्षिण ध्रुव असेल तर त्याला एकाच बाजूला ओढ बसेल आणि तो बुचासकट दक्षिणेच्या काठाला जाईल. मी परातीवर वाकून बसलो. बूच हललं. हळूहळू दक्षिणेकडे निघालं. मी धोंडूला मिठीच मारणार होतो.

"अहो, मागचं दार उघडं आहे," आतून आवाज आला. "वारा येतोय."

दार लावलं. बूच परातीच्या मध्ये आणून सोडलं. ते तिथेच राहिलं. फिरवून ठेवलं तरी तिथेच. मग मी जे आधी करायला हवं होतं ते केलं. लोहाराकडून आणलेला लोखंडाचा कीस कागदावर पसरला आणि सुई त्यात लोळवून उचलली. चांगल्या सुईच्या दोन टोकांना किसाचे झुबके लागतात आणि मधली बाजू कोरडी राहते. हिच्या दोन्ही टोकांना झुबके होतेच, आणि बरोबर मध्यावर त्याहून दाट असा तिसरा. हरवलेली उत्तर तिथे पोटात लपून बसली होती.

खोटं कशाला सांगू, डोळ्यांत पाणी आलं. एकट्या ध्रुवाचा मालक मी जेमतेम तासभर असेन, पण तो तास माझ्या आयुष्यातला फार थोर तास होता. मग धोंडू हळूच म्हणाला, "काय झाला, मास्तर? खरीच बरोबर हाय काय सुई?" आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. या सुईचा एक अर्धा भाग एकीकडे वळू पाहणार, दुसरा अर्धा बरोबर उलट. दोघांचं भांडण बरोबरीत सुटणार. म्हणजे ही सुई कुणीही ठेवील तिथे राहणार! नाखव्याने उत्तरेला ठेवली, ती उत्तरेला राहिली. झडीत गलबत हळूहळू किनाऱ्याकडे वळलं आणि सुई बापडी पेटीबरोबर वळत गेली. केंब्रिज राहिलं बाजूला, इथे माझ्या ओटीवर बसलेला माणूस निर्दोष होता. मी उठून नाचायचाच बाकी राहिलो.

"ही सुई शेवटची कुणी घासली?"

"नाखव्यानी सोता. मुंबैला निघायच्या आधी. जाताना उघडीप होती, किनारा दिसत होता, होका लागलाच नाय." त्याने हातानेच हवेत करून दाखवलं. "गलबताला तेल लावतो ना आम्ही, तशी. मधनं धरून एका टोकाला, मग परत मधनं धरून दुसऱ्या टोकाला."

हे मला माहीत होतं. मिऱ्याला गलबताला तेल चढवतात ते मध्यापासून सुरू करून आधी नाळेकडे आणि मग मागे. एका टोकापासून सुरुवात केली तर दुसऱ्या टोकावर अन्याय होतो, गलबत रुसतं, अशी तिथली समजूत. गंगारामने सुईलाही तोच न्याय दिला होता. चुंबकाचं तेच टोक मध्यापासून दोन्हीकडे सारखं फिरवलं, आणि दोन्ही टोकांना सारखंच दान पडलं.

बैठक देवळाच्या सभामंडपात, गावचे मुख्य म्हणजे गावकर यांच्यासमोर भरली. गंगाराम नाखवा उंचापुरा, मिशाळ माणूस, कुणाचं वाईट चिंतणारा नव्हे, पण आपण केलं ते बरोबरच अशी खात्री असलेला. त्याने पेटी मध्ये ठेवून सुई उत्तरेला लावली आणि माझ्याकडे पाहिलं. "बगा मास्तर. हलली काय?"

"नाही हलली," मी म्हटलं आणि बोटाने सुई समुद्राकडे केली. तिथेच थांबली. देवाकडे केली. थांबली. गावकराच्या पोटाकडे केली. तिथेही थांबली. "नाखवा, घरात एवढं आज्ञाधारक माणूस मला आजवर मिळालेलं नाही."

मंडपात हशा पिकला. गंगारामचा चेहरा तांबडा झाला. "मग बिघडवलान कुणी? मी स्वता घासून दिली होती."

"कशी घासता, दाखवाल का? ही माझी सुई घ्या." मी माझी सुई टेकूवर ठेवली. ती डोलत डोलत उत्तरेला जाऊन उभी राहिली, ते सगळ्यांनी वाकून पाहिलं. गंगारामने खिशातून आपला पट्टीचा चुंबक काढला आणि मोठ्या तोऱ्यात, मधनं एका टोकाला, मधनं दुसऱ्या टोकाला, मन लावून बराच वेळ घासली. ठेवली परत टेकूवर. उत्तर नाही, दक्षिण नाही, सुई पडल्या जागी पडून राहिली. त्याने टिचकी मारली. भलत्याच बाजूला जाऊन थांबली. मी कीस आणला, तिन्ही झुबके दाखवले आणि सुईत काय झालं ते समजावून सांगितलं. गंगाराम सुईकडे पाहत मटकन खाली बसला.

तेवढ्यात जाळं विणत बसलेल्या एका म्हाताऱ्याने विचारलं, "मास्तर, ती मधली उत्तर नुसती कापून काढली तर एकटी नाय मिळणार?"

आणि मग मला राहवलं नाही. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं व्याख्यान मी त्या देवळात दिलं. दाभण मोडला, तुकडे टांगले, अणूपर्यंत गेलो, भोवरा फिरवला, चांदीच्या दोन रेषा सांगितल्या. वासूने मला सांगितलेली आणि मला तोवर न उमगलेली गोष्ट त्या म्हाताऱ्याच्या हातातलं जाळं पाहून मला एकदम उमगली. "जाळ्याचा गोल घेर विणताना शेवटी अर्धं घर उरलं तर?"

"घेर जुळत नाय. उसवायचा."

"तसंच इलेक्ट्रॉनच्या लाटेचं. एकट्या ध्रुवाभोवती तिने फेरा घेतला की घरं पूर्ण भरली पाहिजेत. म्हणून वीज पूर्ण मापात. जगाच्या पाठीवर कुठे तरी असा एकटा ध्रुव असेल."

"अजून कुणाला गावला नाय?"

"नाही." आज म्हातारपणी हे लिहितानाही उत्तर तेच आहे, आणि मला त्याची हुरहूर आहे. पण त्या दिवशी मंडपातली सगळी माणसं माझ्याबरोबर त्या ध्रुवाच्या शोधात निघाली होती. कॉलेजातल्या प्राध्यापकांना तरी याहून वेगळं काय मिळतं?

गंगाराम मात्र त्यात नव्हता. तो अचानक म्हणाला, "मुंबैचा कारागीर पण मधनंच घासत होता. मी डोळ्यांनी पायलाय."

"बरोबर आहे. पण दुसऱ्या बाजूला जाताना त्याने चुंबक उलटा करून धरला असणार."

त्याने कारागिरासारखा हात हवेत फिरवून पाहिला. "धरलान," शेवटी तो बोलला. "मला वाटला, हाताला रग लागली म्हणून फिरवलान." यावर हसू कुणालाच आवरलं नाही, धोंडूलाही नाही. गंगाराम उठला आणि निघून गेला. गावकर म्हणाले, उद्या किनाऱ्यावर बघू. धोंडूचं हसू तिथेच विरलं, कारण विडा द्यायचा की नाही हे शेवटी नाखव्याच्याच मर्जीवर होतं.

दुसऱ्या दिवशी सगळं मिऱ्या किनाऱ्यावर लोटलं होतं. गलबतं पताका लावून पाण्यात उभी. रिवाज असा की आधी नाखवा चढतो, वरून तांडेलाला हाक मारतो आणि विडा देतो. नाखव्याच्या आधी गलबताला पाय लावायची कुणाची प्राज्ञा नाही. गंगाराम नवं धोतर नेसून पाण्यात उतरला आणि गुडघाभर पाण्यात गलबताला हात लावून थांबला. चढेना. माणसं कुजबुजू लागली. धोंडू मागे, गर्दीत खलाशांबरोबर उभा होता.

"धोंडू," गंगाराम ओरडला. "हिकडं ये."

धोंडू पाण्यातून त्याच्यापर्यंत गेला. गंगारामने सगळ्यांसमोर वाकून त्याच्या पायाला हात लावला, विडा त्याच्या हातात दिला आणि म्हणाला, "चढ."

"नाखवा, आधी तुमी. मान तुमचा."

"मी बिघडवलेल्या होक्यावर, फुटलेला गलबत, सगळी माणसा जित्ती घेऊन तू खाडीत आणलास. आणि मी तुला दारूडा म्हटला. चढ आधी, नायतर मी इथेच उभा ऱ्हाणार."

धोंडू चढला. वर गेल्यावर तो सुकाणू धरून लहान पोरासारखा रडायला लागला. किनाऱ्यावर अशी आरोळी उठली की देवळावरचे पारवे उडाले. मी कोट, उपरणं आणि कडक इस्त्रीचं धोतर यांसकट कमरेएवढ्या पाण्यात कधी गेलो मला कळलं नाही, पण सगळ्यांत मोठ्याने मीच ओरडत होतो. दुसऱ्या दिवशी माझा घसा पार बसला होता, आणि दिवसभर मी पोरांना नुसत्या हातवाऱ्यांनी शिकवलं.